म्हसवडला बाग नव्हती, नदी होती

"म्हसवडला धड एक बाग नाही" ही बातमी मी स्वतः किती वेळा लिहिलीय, मोजलेलं नाही. आता थोडं उलटं लिहितो.

लॉन आणि कारंजं आमच्या भागाचं नव्हेच. ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. अशा गावाला मोकळी जागा दिली ती माणगंगेच्या वाळूनं. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथं टेकायची. आम्ही पोरं हातानं झिरा उकरायचो, कोपरभर खाली ओल लागायची, मग वाटीभर नितळ पाणी. वाळूच्या कणांमध्ये पावसाचं पाणी साठून राहतं, वरून ऊन पडलं तरी लवकर आटत नाही आणि काठच्या विहिरींना पाझरत राहतं. सिद्धनाथाच्या रथाला, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, माणसांचा लोंढा याच नदीकडं पसरायचा.

नदीवरच पुढं राजेवाडीचा तलाव. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी दुष्काळी काम म्हणून बांधलेला. १८७६-७८ च्या दुष्काळात मजुरीवर माती वाहणाऱ्यांच्या डोक्यात पक्षी असतील असं कोण म्हणेल? पोटाला काम हवं होतं, बस्स. भिंत आटपाडीकडं, पाणी बरंचसं खालच्या शेतीला. त्यावरून आमच्याकडं अजून कुरकुर आहे, ती खोटीही नाही. पण फुगवट्याच्या दलदलीत थंडीत बदकं येतात, कधी फ्लेमिंगो. आम्ही पोराबाळांना घेऊन बघायला जातो.

याचा तब्येतीशी काय संबंध, असं विचाराल. १९८४ साली रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं 'सायन्स'मध्ये छापलं होतं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनेची कडक औषधंही त्यांना कमी लागली.

आमची खिडकी मात्र ट्रकांत भरून गेली. २०१२ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं वाळूच्या छोट्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. तरी रात्रीचे ट्रॅक्टर काय थांबले नाहीत. वाळू गेली तिथं वेडी बाभूळ आली. तिच्या काट्यात कोण टेकणार?

परवा धाकट्याला घेऊन पात्रात उतरलो. म्हटलं झिरा दाखवू. गुडघाभर उकरलं. खाली मुरूम लागला.