सिद्धगड, १९४३ : प्रबंधाचा विषय आणि प्रबंधाचा प्रश्न

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात पोलिसांशी झालेल्या चकमकीत विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. हे वाक्य वाचताना मराठी वाचक किंचित अडखळतो. त्याच्या कानाला ‘हुतात्मा झाले’ या शब्दांची सवय आहे. दोन्ही वाक्ये एकाच घटनेविषयी आहेत आणि दोन्ही खरी आहेत, तरीही पहिल्या वाक्यानंतर ‘का?’ असे विचारता येते, दुसऱ्यानंतर मात्र हात जोडून थांबावेसे वाटते. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा म्हणजे नेमके काय करावे, याचे उत्तर या दोन वाक्यांमधल्या अंतरात शोधता येईल.

हा विचार आता निकडीचा झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यात ‘संशोधनासह ऑनर्स’ ही वाट आखलेली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याने चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली १२ श्रेयांकांचे संशोधन करून प्रबंध सादर करायचा. केवळ ऑनर्स घेणाऱ्याला त्याऐवजी तीन अधिक अभ्यासपत्रिका आहेत. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. त्या तुकडीचे चौथे वर्ष २०२७-२८ मध्ये येते.

आपल्याकडे ‘ऑनर्स’ या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ ‘एका विषयाच्या अधिक प्रश्नपत्रिका’ एवढाच राहिला. अमेरिकेत त्याला पदवीच्या पातळीवरच प्रबंधाची जोड मिळाली. राज्यशास्त्रातील सर्वपरिचित उदाहरण जॉन केनेडी यांचे. हार्वर्डमधील शेवटच्या वर्षी, १९४० मध्ये, म्यूनिक करार आणि ब्रिटनची युद्धसज्जतेतील दिरंगाई या विषयावर त्यांनी ऑनर्सचा प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षी तो ‘व्हाय इंग्लंड स्लेप्ट’ या नावाने प्रसिद्ध झाला. अर्थात, वडील लंडनमध्ये राजदूत असण्याची सोय सर्वांनाच लाभत नाही.

मुंबई विद्यापीठात प्रबंधाची परंपरा रुजली ती पदव्युत्तर पातळीवर. गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ मध्ये समाजशास्त्र विभागात आले आणि एम.ए.साठी प्रबंध लिहून घेण्याची रीत त्यांच्या हाताखाली बहराला आली. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवर लिहिलेला प्रबंध हा त्याच रीतीचा. ‘युगान्त’ वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावे : महाभारतातील माणसांना निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेने प्रश्न विचारण्याचा पहिला सराव स्वतःच्याच जातीवर केला होता. जवळचा विषय घेऊन त्यापासून दूर उभे राहायला शिकणे, हे प्रबंधाचे खरे शिक्षण. घुर्ये यांनी स्वतः १९५७ मध्ये ‘द महादेव कोळीज’ हा ग्रंथ लिहिला, तो सह्याद्रीच्या याच पट्ट्यातील समाजाविषयी.

आता मुरबाड-शहापूरकडील राज्यशास्त्राचा एखादा विद्यार्थी ‘बेचाळीसची चळवळ आणि भाई कोतवाल’ असा विषय घेऊन आला, असे समजू. हा विषय झाला. प्रश्न अजून झालेला नाही. मार्गदर्शकाचे पहिले काम विषय लहान करण्याचे. कोतवालांचे चरित्रच त्याला वाट दाखवते. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १९१२ मध्ये जन्मलेला, कायद्याची पदवी घेतलेला हा तरुण. शेतकरी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्याने धान्यकोठी उभारली, शाळा काढल्या आणि माथेरानच्या नगरपालिकेत तो उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचला. म्हणजे कायदा, निवडणूक आणि सहकार या तिन्ही सनदशीर मार्गांचा त्याला अनुभव होता. तोच माणूस १९४२ च्या अखेरीस ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडू लागतो. इथे प्रश्न हाती लागतो : स्थानिक स्वराज्यसंस्थेत बसलेला माणूस राज्याची आज्ञा मोडणे हेच कर्तव्य मानू लागतो, तेव्हा त्या दोन भूमिकांमध्ये सातत्य असते की विच्छेद? धान्यकोठीने जोडलेली माणसे आणि दस्त्यात आलेली माणसे यांचे नाते काय? राज्यशास्त्रातील राजकीय आज्ञापालनाची सारी चर्चा या प्रश्नात उतरते आणि तरीही तो एका वर्षात पेलण्याजोगा राहतो.

साधनांचा विचार याच्यानंतर. मुंबईतील राज्य अभिलेखागारात गृह विभागाची दफ्तरे आहेत. गावोगावी स्मरणिका आहेत, सांगोवांगी टिकलेल्या आठवणी आहेत. दफ्तराची भाषा गुन्ह्याची, स्मरणिकेची भाषा हौतात्म्याची, आठवणींची भाषा घरातल्या माणसाची. यांपैकी एकीलाही निव्वळ ‘माहिती’ समजून चालत नाही. कोण कोणासाठी लिहितो वा सांगतो, हे आधी पाहावे लागते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे मराठीच्या शिक्षकाची गरज पडते, आणि आपण ती ओळखायला हवी. संहितेचे वाचन ही आपली विद्या आहे.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. आयोगाच्या आराखड्यानुसार संशोधनासह ऑनर्स चालवण्यासाठी विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम शिक्षक हवेत. अट हेतूने योग्य आहे. मार्गदर्शकाविना प्रबंध म्हणजे नकलेला आमंत्रण. परंतु ग्रामीण महाविद्यालयातील कला शाखेच्या विभागात मंजूर जागाच मोजक्या, आणि त्याही वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. परिणाम असा होतो की ज्याच्या घरापासून सिद्धगड दिसतो, ज्याला ठाकूर-कातकरी-कोळ्यांची बोली कानाने कळते, त्यालाच सिद्धगडावर प्रबंध लिहायचा तर गाव सोडून शहरात जावे लागते. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या वाट्याला तीन अधिक प्रश्नपत्रिका येतात.

केनेडींची साधने लंडनच्या दूतावासाच्या वाटेने आली. मुरबाडच्या विद्यार्थ्याची साधने त्याच्या वाडीत आहेत. त्याला उणीव आहे ती ‘तुझा प्रश्न काय?’ असे वर्षभर न कंटाळता विचारणाऱ्या शिक्षकाची. ही जागा भरली नाही, तर संशोधनाची पदवी शहरात मिळेल आणि संशोधनाचा विषय तेवढा डोंगरात राहील. सिद्धगडावर दरवर्षी अभिवादन होते, ते व्हावेच. पण कोतवालांनी गावात शाळा काढल्या होत्या, हे आठवले तर अभिवादनाचा आणखी एक प्रकार सुचतो : त्यांच्याविषयी नीट विचारलेला एक प्रश्न, त्याच डोंगराच्या पायथ्याशी लिहिलेला.