‘करील’ : आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमावर भाष्य

साथीच्या काळात सरकारने कुणाला काय द्यायचे, हा प्रश्न आपल्या कायद्यात १८९७ सालापासून आहे. फक्त तो एका कंसात आहे. मुंबईत प्लेग पसरल्यावर घाईने केलेला साथरोग कायदा जेमतेम चार कलमांचा. त्याचे दुसरे कलम सरकारला लागतील ते उपाय योजण्याचा अधिकार देते, आणि त्यांचा खर्च कुणी, कसा सोसायचा हे ठरवण्याचाही. कंस तिथेच आहे : नुकसानभरपाई काही असल्यास तीही धरून. त्या ‘असल्यास’मध्ये झडत्या झालेली घरे आणि जाळलेले अंथरूण-पांघरूण अशी सगळी प्लेगची पुणे-मुंबई मावली.

मार्च २०२० मध्ये कोविडसाठी राज्यांनी आधी हाच कायदा बाहेर काढला. पैशाची वाट मात्र १०८ वर्षांनी झालेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातून, म्हणजे २००५ च्या कायद्यातून निघत होती. त्यातले बारावे कलम छोटे आहे : आरंभीचे एक वाक्य आणि चार पोटकलमे. साथीच्या काळात ते जसे होते तसे इथे शब्दाशब्दाने घेतो. मराठी आशय माझा आहे.

‘राष्ट्रीय प्राधिकरण’

कर्ता कोण, हे आधी पाहावे. या प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. म्हणजे पुढच्या ओळींतले कर्तव्य कुठल्या दूरच्या मंडळाच्या माथी नाही, ते सर्वात वरच्या खुर्चीपाशी ठेवलेले आहे.

‘मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस करील’

सगळे कलम या क्रियापदावर उभे आहे. रोजच्या मराठीत ‘करील’ हा साधा भविष्यकाळ. गावाकडे ‘करील सरकार काहीतरी’ असे म्हणतात तेव्हा त्यात हक्कापेक्षा आशा जास्त असते. कायद्याच्या मराठीत ‘करील’चा अर्थ अगदी वेगळा आहे. जिथे मोकळीक द्यायची तिथे कायदा ‘करता येईल’ म्हणतो. जिथे सुटका नाही तिथे ‘करील’. गौरव कुमार बन्सल व रीपक कंसल या वकिलांनी कोविडमृतांच्या कुटुंबांच्या मदतीसाठी दाखल केलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला, तो मुख्यतः याच एका क्रियापदाचा निकाल आहे. न्या. अशोक भूषण आणि न्या. एम. आर. शाह यांच्या खंडपीठाने सांगितले की हे कर्तव्य बंधनकारक आहे, प्राधिकरणाने ते पार पाडलेले नाही, आणि सहा आठवड्यांत तत्त्वे आखावीत.

‘शिफारस’ हा शब्द त्यामानाने दुबळा आहे, हे मान्य केले पाहिजे. प्राधिकरणाने रक्कम वाटायची नाही, सुचवायची आहे. पण सुचवणेही झाले नाही तर खालच्या कुणाच्याच हातात मोजायला काही राहत नाही. दोन लाटा अशा गेल्या.

‘आपत्तीने बाधित झालेल्या व्यक्तींना’

कायद्याच्या व्याख्येनुसार नैसर्गिक वा मानवी कारणांनी, अपघाताने वा हलगर्जीपणाने ओढवलेले, मोठी जीवितहानी करणारे आणि त्या भागातल्या समाजाच्या कुवतीपलीकडचे संकट म्हणजे आपत्ती. साथ या व्याख्येत सहज बसते. मदतनिधीच्या यादीत मात्र ती नव्हती. त्या यादीत बारा नावे होती : चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. म्हणून १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यापुरते कोविडला ‘अधिसूचित आपत्ती’ मानले.

त्या एका दिवसात दोन पत्रे निघाली. पहिल्यात मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये होते आणि रुग्णालयाच्या खर्चाची तरतूदही होती. त्याच दिवशी निघालेल्या सुधारित पत्रात या दोन्ही गोष्टी उरल्या नाहीत. विलगीकरण, नमुने गोळा करणे, तपासणी, प्रयोगशाळा, उपकरणे राहिली. मला हा दिवस फार महत्त्वाचा वाटतो. पुढे न्यायालयात जे भांडण चालले ते या दोन पत्रांमधल्या काही तासांचे आहे. निधी साथीला खुला झाला, पण ज्याच्या घरातले माणूस गेले तो त्या निधीच्या दाराबाहेरच राहिला.

पैसा आला नाही असे नाही. ३ एप्रिल २०२० रोजी केंद्राने सर्व राज्यांना मिळून ११,०९२ कोटींचा हप्ता आगाऊ दिला. त्या सप्टेंबरात कोविडसाठीच्या खर्चाची मर्यादा निधीच्या ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली. या निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ईशान्येकडच्या व हिमालयीन राज्यांसाठी ९० आणि १०.

‘साहाय्याचे किमान निकष’

‘किमान’ म्हणजे ज्याच्याखाली जायचे नाही अशी पातळी. एकोणिसावे कलम राज्यांना स्वतःचे निकष ठरवू देते, पण या पातळीच्या खाली उतरू देत नाही. वर जायला कुणाची आडकाठी नाही; बिहारने कोविड मृत्यूसाठी ४ लाख दिलेच. किमान पातळीच ठरली नाही, की प्रत्येक राज्य आपल्या तिजोरीप्रमाणे वागते आणि मृताची किंमत तो कुठल्या राज्यात वारला यावर ठरते.

‘त्यांत पुढील बाबी असतील’

इंग्रजी मूळ पाठात बंधनाचे तेच क्रियापद या वाक्यात दुसऱ्यांदा येते. तत्त्वे करावीत हे एक बंधन, त्यांत या चार बाबी असाव्यात हे दुसरे. एखादी बाब वगळण्याची मुभा नाही.

पहिले : ‘मदत छावण्यांत निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, स्वच्छता’

ही ओळ पूर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहे. घर वाहून गेले, म्हणून छावणी. साथीत घर शाबूत होते, पण ते दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या जिल्ह्यात होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर बीडकडचे ऊसतोड कामगार अडकून पडले. फडातल्या कोप्या हाच त्यांचा निवारा. २८ मार्च २०२० रोजी केंद्राने अडकलेल्या स्थलांतरित मजुरांच्या तात्पुरत्या निवाऱ्याला आणि जेवणाला हा निधी वापरायची परवानगी दिली. टाळेबंदी सुरू होऊन तेव्हा तीन-चार दिवस झाले होते आणि माणसे रस्त्याला लागली होती. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते ते. रुळांत विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्या सगळ्या देशाने पाहिल्या. निवारा आणि अन्न हे या पोटकलमाच्या यादीतले पहिले दोन शब्द आहेत.

दुसरे : ‘विधवा व अनाथांसाठी विशेष तरतूद’

महाराष्ट्राने दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे ५ लाखांची मुदतठेव केली, ऑगस्ट २०२१ मध्ये एकल महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले. केंद्राची मुलांसाठीची १० लाखांची योजना पीएम केअर्समधून आली. हा न्यास बाराव्या कलमाच्या घरातला नव्हे. सेहेचाळिसाव्या कलमाखालचा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी वेगळा, आणि पीएम केअर्समधले पैसे त्यात वळते करावेत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२० रोजी फेटाळली होती. योजना चांगल्या आहेत. पण योजना जाहीर करणाऱ्याच्या मर्जीने येते आणि मर्जीनेच संपते. कलमातली तरतूद मागता येते. अनाथ मुलाच्या बाबतीत हा फरक बारीक नाही.

तिसरे : ‘जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्य, तसेच घरांचे नुकसान व उपजीविकेची साधने पुन्हा उभी करणे यांसाठी साहाय्य’

‘सानुग्रह’ हा शब्द आपल्या सरकारी मराठीत इतका मुरला आहे की त्यातला अनुग्रह ऐकू येत नाही. अनुग्रह गुरू शिष्यावर करतो, देव भक्तावर करतो. तो मागता येत नाही आणि नाकारला तर दाद नाही. असा शब्द कायद्याने ‘असतील’ या बंधनाखाली ठेवला आहे : कृपा करा, आणि ती केलीच पाहिजे. माझ्या मते इथे क्रियापदाने नामावर मात केली आहे. देण्याचा हेतू कृपेचा असो, देणे हे कर्तव्य आहे. न्यायालयाचा निकालही याच अर्थाचा आहे.

एवढा पैसा पुरणार नाही, हे केंद्राचे म्हणणे हलके नव्हते. जून २०२१ पर्यंत ३,८५,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. प्रत्येकी ४ लाख धरले तर १५,४०० कोटी होतात. राज्यांच्या याच निधीवर चक्रीवादळ आणि पूर अवलंबून असतात. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ येऊन गेले आणि जुलैत चिपळूण-महाडचा पूर आणि तळियेची दरड झाली. पण हा युक्तिवाद किती द्यावे याचा आहे, द्यावे की नाही याचा नाही. न्यायालयाने नेमकी तिथेच रेघ मारली : रक्कम सरकारने ठरवावी, शून्य मात्र ठरवता येणार नाही. ११ सप्टेंबर २०२१ रोजी प्राधिकरणाने ५०,००० रुपये सुचवले. पुरात वाहून गेलेल्याला ४ लाख आणि साथीत गेलेल्याला त्याचा आठवा हिस्सा. मला ही रक्कम अपुरी वाटते. तरी ती शिफारस झाली, याला मी मोठी गोष्ट मानतो.

आता ‘जीवितहानीबद्दल’. मृत्यू कशामुळे झाला हे कागदावर कुठे असते? ग्रामपंचायत वा पालिका जो मृत्यूचा दाखला देते त्यात कारण नसते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानेच नोंदीच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण उघड करण्यास मनाई केली आहे. कारण असते ते डॉक्टरांच्या वेगळ्या प्रमाणपत्रात, आणि त्या धावपळीत त्यावर पुष्कळदा नुसते ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच पडले.

एका सेतू केंद्राच्या बाकावर मी एका बाईंचे कागद लावायला बसलो होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांच्या नवऱ्याचा दाखला होता, अँटिजेन चाचणीची घडी पडून पुसट झालेली चिठ्ठी होती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एचआरसीटीची फिल्म. फिल्म त्यांनी उजेडाकडे धरून मला दाखवली. चिठ्ठीवर नवऱ्याचे नाव अर्धेच होते, आधारवर पूर्ण. अर्जाला आधार, पासबुक, दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत लागत होते. दीर परगावी होता.

४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने यातली सर्वात मोठी अडचण काढली : दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने कुणालाही नाकारता येणार नाही, चाचणीनंतर ३० दिवसांच्या आतला मृत्यू धरावा, वाद असेल तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जावे, अर्जानंतर ३० दिवसांत पैसे खात्यावर जमा व्हावेत. त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते आणि अर्ज २ लाख १३ हजारांवर गेले होते. काही अर्ज दुबार होते, काही खोटे असतील; म्हणून तर न्यायालयाने पुढे महाराष्ट्रासह चार राज्यांत ५ टक्के अर्जांची पडताळणी करू दिली. पण एवढी तफावत लबाडीने भरून निघत नाही. मदतीच्या अर्जाने मृत्यूंची दुसरी मोजणी झाली, आणि ती माणसांनी स्वतः येऊन केली.

घरांचे नुकसान साथीत नव्हते. उपजीविकेचे होते, आणि या अर्ध्या ओळीकडे जवळजवळ कुणी पाहिलेच नाही. रिक्षा उभी राहिली, टपरी बंद पडली, कर्ता गेला. ५०,००० जीवाबद्दल होते.

चौथे : ‘आवश्यक असेल असे इतर साहाय्य’

ही मोकळी जागा आहे. मुदतीचा प्रश्न मी इथे ठेवतो, कारण कलमात मुदत नाही. २४ मार्च २०२२ च्या आदेशाने ती आली : २० मार्चपूर्वीच्या मृत्यूंसाठी ६० दिवस, नंतरच्यांसाठी मृत्यूपासून ९० दिवस. खोट्या अर्जांना आळा घालायचा तर कुठेतरी थांबावे लागते. पण ६० दिवस २३ मे रोजी संपले, आणि त्या वर्षी ऊस इतका होता की मराठवाड्यातले गाळप जूनपर्यंत लांबले. सेतू केंद्रातल्या त्या बाई तोडीवर गेल्या होत्या, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परतता आले नाही. आल्या तेव्हा जून लागला होता. त्याच आदेशात एक वाट ठेवली होती : फारच अडचण असेल तर समितीकडे जावे, समिती प्रकरण पाहून ठरवील. आम्ही तसा अर्ज लिहिला. उशिराचे कारण या रकान्यात त्यांनी मला ‘ऊसतोड’ एवढेच लिहायला सांगितले, खाली अंगठा दिला आणि फिल्म पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.