त्वचा-ऊतिपेढी

सोरायसिस, इसब, कोड यांसारख्या दीर्घकालीन त्वचारोगांच्या संशोधनासाठी रुग्णांचे व निरोगी व्यक्तींचे त्वचेचे, रक्ताचे आणि अन्य जैविक नमुने त्यांच्या संमतीने गोळा करून, वैद्यकीय माहितीसह जतन करणारी आणि छाननीनंतर संशोधकांना पुरवणारी व्यवस्था. निदानासाठी काढलेल्या तुकड्याचे काम निदान झाले की बहुतांशी संपते. पेढीतील नमुना मात्र पुढे उद्भवणाऱ्या प्रश्नांसाठीही राखून ठेवलेला असतो.

गरज : हे आजार वर्षानुवर्षे चालतात, कमी-जास्त होतात आणि बरे झाल्यासारखे वाटले तरी पुष्कळदा त्याच जागी उलटतात. याचे कारण केवळ रक्त तपासून कळत नाही. २००४ मध्ये झ्युरिचमधील संशोधकांनी सोरायसिसच्या रुग्णांची चट्टे नसलेली त्वचा प्रतिकारक्षमता क्षीण असलेल्या उंदरांवर रोपली, तेव्हा त्या त्वचेत सोरायसिस आपोआप उमटला. रोग घडवणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारसंस्थेच्या पांढऱ्या पेशी) त्या त्वचेतच होत्या. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना उपचारांनी पूर्ण निवळलेल्या चट्ट्यांच्या जागी बाह्यत्वचेत तग धरून राहिलेल्या अशाच टी-पेशी आढळल्या. त्वचेचे नमुने हाती नसते, तर ही उकल झाली नसती.

नमुन्यांचे प्रकार : सोरायसिसच्या अभ्यासात एकाच रुग्णाच्या चट्ट्यातील त्वचा, त्याचीच चट्टा नसलेली त्वचा आणि निरोगी व्यक्तीची त्वचा यांची तुलना करतात. रुग्णाची वरवर चांगली दिसणारी त्वचा खरोखर निरोगी असतेच असे नाही, म्हणून तिसरा नमुना महत्त्वाचा ठरतो. उपचारांपूर्वी, उपचार चालू असताना आणि रोग उलटल्यावर घेतलेल्या नमुन्यांची मालिका सर्वांत मोलाची असते. जनुकीय अभ्यासाला रक्त किंवा लाळ पुरते. लहान मुलांत चिकटपट्टीने बाह्यत्वचेचे वरचे थर काढून घेतात. त्याने जखम होत नाही. त्वचेवरील सूक्ष्मजीवांसाठी कापसाच्या बोळ्याने नमुना टिपतात.

संकलन : त्वचेचा नमुना बहुधा पंच बायोप्सीने घेतात. जागा निर्जंतुक करून लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. मग साधारण ४ मिमी व्यासाचे गोल धारदार पाते गोल फिरवत त्वचेखालच्या चरबीपर्यंत नेतात. सुटलेला तुकडा चिमट्यात दाबला, तर पेशी चिरडतात. म्हणून तो सुईच्या टोकाने अलगद उचलून बुडाशी कापतात. जखमेला एखादा टाका पुरतो. सोरायसिस व कोड यांत त्वचेला इजा झालेल्या जागी नवा चट्टा उमटू शकतो, तसेच काहींच्या व्रणाचे केलॉइड (फुगीर, वाढलेला व्रण) होते. हे धोके रुग्णाला आधीच सांगावे लागतात.

जतन : त्वचेत आरएनए तोडणारी विकरे भरपूर असतात, त्यामुळे तुकडा निघाल्यापासून तो गोठवेपर्यंतचे प्रत्येक मिनिट नोंदवतात. ऊतींची रचना पाहण्यासाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. आरएनए व प्रथिनांसाठी तो द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८०° से. तापमानात ठेवतात. जिवंत पेशी हव्या असल्यास त्या संरक्षक द्रावणात मिनिटाला सुमारे १° से. या गतीने थंड करून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. गोठवणे व वितळवणे वारंवार झाले की नमुना खराब होतो; म्हणून रक्तद्रव वगैरे आधीच लहान कुप्यांत विभागतात. कुपीवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो.

माहिती : शरीरावरील जागा, रोगाची मुदत, तीव्रतेचा गुणांक आणि चालू औषधे यांच्या नोंदीवाचून नमुना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. चार दिवसांपूर्वी लावलेले स्टेरॉइड मलमही निष्कर्ष फिरवू शकते.

नीती व कायदा : दात्याला स्वतःला सहसा थेट लाभ होत नाही, तो नमुना परक्या रुग्णांसाठी देत असतो. त्यामुळे त्याच्या विश्वासाचे रक्षण हे पेढीचे पहिले कर्तव्य होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैवपेढ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. नैतिकता समितीची मान्यता आणि दात्याला समजेल अशा भाषेतील संमती आवश्यक असते, तसेच संमती मागे घेण्याचा हक्क दात्याला असतो. अल्पवयीनांबाबत पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरील मुलाचा होकारही घ्यावा लागतो. जागतिक वैद्यकीय संघटनेचा तैपेई जाहीरनामा (सुधारित २०१६) आणि जैवपेढ्यांच्या कार्यपद्धतीचे आयएसओ २०३८७ हे २०१८ चे मानक ही आंतरराष्ट्रीय चौकट होय.

उपयोग व मर्यादा : २००६ मध्ये सोरायसिसशी संबंधित एचएलए-सी*०६:०२ या जनुकरूपाचे आणि इसबाशी संबंधित फिलाग्रिन जनुकातील दोषांचे संशोधन प्रसिद्ध झाले, दोन्हींमागे रुग्णांनी व त्यांच्या कुटुंबीयांनी दिलेले डीएनए नमुने होते. चट्ट्यांतील ऊतींच्या अभ्यासामुळे इंटरल्यूकिन-१७ व २३ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची भूमिका स्पष्ट झाली आणि त्यांना रोखणारी औषधे उपचारात आली. मात्र आजवरचे बरेचसे नमुने युरोपीय वंशाच्या व्यक्तींचे आहेत. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारा चट्टा सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा तपकिरी दिसतो, त्यामुळे लालीवर आधारलेल्या गुणांकात रोगाची तीव्रता कमी मोजली जाण्याचा संभव असतो. भारतीय रुग्णांच्या नमुन्यांचा संग्रह वाढला, तरच येथील त्वचेचे निष्कर्ष येथील त्वचेवरून काढता येतील.