पाव टक्क्याची कुळकथा

6 जून 2025, शुक्रवार, सकाळचे दहा. नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडवरच्या एका टपरीपाशी तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन दोन गोदामवाले उभे होते. दोघांचीही गोदामावर कर्जं आणि दोघांचंही व्याज रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना उधार देते त्याला, बांधलेलं. मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा बोलायला लागले.

"पाव टक्का तं नक्की कमी करते. लावतो का पोह्याचं बिल?"

"नाही करत. आत्ताच दोनदा केला नं."

रेपो उतरला, पण अर्ध्या टक्क्यानं. 6 टक्क्यांचा थेट 5.50 झाला. बिल दुसऱ्यानं दिलं, पण अंदाज दोघांचाही चुकला होता. मुंबईतले बहुतेक अर्थतज्ज्ञही त्या दिवशी पाव टक्क्याचीच वाट पाहत होते.

सरकारी आकडा अजून जाहीर व्हायचा आहे आणि त्यावर पैसे लागलेत, ही गोष्ट आपल्याकडे किमान पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. आज अमेरिकेत काल्शीसारख्या पैजांच्या बाजारात फेडरल रिझर्व्हच्या व्याजदरावर 'हो' किंवा 'नाही' विकत घेता येतं. लोकांना ते नवं वाटतं. मला त्यात मुंबईचा अफूचा सट्टा दिसतो.

ईस्ट इंडिया कंपनी कलकत्त्यात अफूचे सरकारी लिलाव करायची. पुढच्या लिलावात पेटीला सरासरी काय भाव निघेल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावत. अफूची एक गोळीही हात बदलत नसे, देणंघेणं फक्त भावातल्या फरकाचं. त्यातलं एक भांडण, रामलाल ठाकुरसीदास विरुद्ध सुजुमनल धोंडमल, थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. 1848 मध्ये निकाल लागला: पैज न्यायाधीशांना आवडो न आवडो, हिंदुस्थानात ती बेकायदा नाही, पैसे द्यावे लागतील. इंग्लंडनं 1845 मध्ये स्वतःपुरत्या पैजा निरर्थक ठरवल्या होत्या, तो कायदा इथं लागू नव्हता. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सरकारनं 1848 चा 21 वा कायदा करून ती वाट बंद केली. पुढे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 मध्ये तेच तत्त्व आलं. ते आजही आहे: पैजेचा करार कोर्टात वसूल होत नाही.

या अफूच्या सट्ट्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यानं चढ्या भावावर पैसे लावलेत, तोच लिलावात माणूस उभा करून बोली चढवू शकत होता. निकाल माणसांच्या हातात असला की ही भीती त्याच्यासोबत येतेच.

मग कापूस आला. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, लिव्हरपूलला तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर कंपन्या उभ्या राहत होत्या. युद्ध संपलं, भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 ला वायद्यांच्या हिशोबाचा दिवस उजाडला तेव्हा अनेक पेढ्या बुडाल्या. आपल्या वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस याच भावांवर तोलला जात होता. रेल्वे नागपुरात 1867 ला पोहोचली. पेरणारा इथला आणि भाव ठरणार लिव्हरपुलात, हे तेव्हापासूनचं.

पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद होता भाव तारेनं मुंबईत यायचा आणि लोक त्या भावातल्या अंकांवर पैसे लावायचे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ती सोय संपली तेव्हा कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी अंक स्वतःच काढायला सुरुवात केली. तोच मटका. नागपुरात आपण त्याला सट्टापट्टी म्हणतो. इथं एक धागा तुटला. कापसाच्या भावावरच्या पैजेत निदान कापसाची काहीतरी खबर होती, पत्त्यातून काढलेल्या अंकात कसलीच नाही. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याची व्याख्या वाचा: अफूचा भाव, कापसाचा भाव, त्या भावातले अंक, शेअर, पाऊस, सगळे ओळीनं उभे आहेत. सट्ट्याचा एवढा चोख इतिहास दुसरीकडे सापडणार नाही.

व्याजदर मात्र त्या यादीत नाही, आणि रिझर्व्ह बँक आल्यावर तो बरीच वर्षं हलतही नव्हता. 1935 च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं बँक रेट, म्हणजे तिचा तेव्हाचा मुख्य व्याजदर, 3 टक्के केला आणि तो सोळा वर्षं तसाच राहिला. त्यातली सहा वर्षं गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय, मूळचे कोकणातले, पण सनदी नोकरी मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे आपल्या नागपूरच्या सरकारात केलेले. 1951 च्या नोव्हेंबरात दर साडेतीन झाला तेव्हा ते अर्थमंत्री होते.

जगात मध्यवर्ती बँकेच्या दरावरची पैज रीतसर बाजारात आली ती 1988 च्या ऑक्टोबरात, शिकागोत फेडच्या दरावरचे वायदे सुरू झाले तेव्हा. शंभरातून वायद्याचा भाव वजा केला की बाजाराला अपेक्षित दर मिळतो. आपल्याकडे 1999 पासून बँका आपसांत व्याजाच्या अदलाबदलीचे सौदे करतात. एक जण ठरलेला दर देतो, दुसरा रोज बदलणारा. पुढच्या बैठकीत रेपो किती होईल याचा मुंबईतल्या डीलरांचा अंदाज त्या दरांत दिसतो. 2016 पासून निर्णय सहा जणांची पतधोरण समिती मतदानानं घेते. बैठकीच्या आधी सात दिवस आणि नंतर सात दिवस सदस्यांनी मौन पाळायचं. अफूच्या लिलावातल्या भीतीवरचं हे उत्तर आहे आणि ते योग्य आहे.

सामान्य माणसासाठी मधल्या काळात मोबाईलवर 'हो-नाही'चे ॲप आले. 'हो' साडेसहा रुपयांना, तर 'नाही' साडेतीनला, जिंकणाऱ्याला दहा. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं ते बंद झाले. मला ते बरंच वाटतं. ज्याचं कर्ज नाही, माल नाही, त्यानं रेपोवर पाचशे रुपये लावणं म्हणजे पुन्हा सट्टापट्टीच. पण पोहे खाणाऱ्या त्या दोघांचं काय? त्यांची जोखीम खरी आहे. 1 ऑक्टोबर 2019 पासून लहान उद्योगांची आणि घरांची बदलत्या व्याजाची नवी कर्जं बाह्य दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधली गेली. मोठी कंपनी अदलाबदलीचा सौदा करून निश्चिंत होते. वाडीच्या गोदामवाल्याच्या हातात पोह्याच्या बिलाची पैज तेवढी उरते. हा अन्याय आहे आणि तो पैजांचा बाजार उघडून मिटणार नाही.

एक गोष्ट मात्र सहज होण्यासारखी आहे. कळमन्याच्या बाजार समितीचे भाव आपली वर्तमानपत्रं रोज छापतात. अदलाबदलीच्या सौद्यांचे दरही रोज जाहीर होतात. बैठकीच्या आठवड्यात त्यातून निघणारा रेपोचा अंदाज दोन ओळींत, मराठीत छापावा. ज्याला हप्ता भरायचा आहे त्याला तो मुंबईच्या डीलराइतकाच आधी कळावा.

तोवर आपला कर्जाचा कागद काढून बघा. रेपोशी बांधलेल्या कर्जाचं व्याज बँकेनं तीन महिन्यांतून किमान एकदा नव्यानं ठरवायचं असतं. 50 लाखांचं कर्ज, 20 वर्षं मुदत, व्याज साडेआठवरून सव्वाआठ झालं, तर महिन्याचा हप्ता 43,391 वरून साधारण 42,600 वर यायला हवा.