संकेतस्थळांची चाळ

छापखाना निघाला म्हणून प्रत्येक लेखकानें स्वतःचा छापखाना काढला नाहीं. खिळे जुळविणें, शाई लावणें, यंत्राची निगा राखणें हीं कामें दुसऱ्यांनीं अंगावर घेतलीं, म्हणूनच लेखकास लिहावयास सवड मिळाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं इंटरनेटवरील लेखनाच्या बाबतींत हाच प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. संकेतस्थळ चालविण्याचें सॉफ्टवेअर फुकट मिळूं लागलें होतें; पण तें चालवावयाचें कोणीं आणि कोठें? या प्रश्नाच्या उत्तरांतून एक मोठा व्यवसाय निर्माण झाला. त्याचा इतिहास थोड्याच वर्षांचा आहे. परंतु सोय आणि स्वातंत्र्य यांच्यामधील जुनें भांडण त्यांत पुन्हां एकदां आढळतें.

या इतिहासाचे दोन मूळ प्रवाह आहेत. बेल्जममधील अँटवर्प विद्यापीठाचा विद्यार्थी ड्रीस बॉयटार्ट यानें आपल्या वसतिगृहांतील मित्रांसाठीं एक लहानसें संदेशफलक तयार केलें होतें. त्यास डच भाषेंत खेडें या अर्थाचें 'डोर्प' हें नांव द्यावयाचें त्याच्या मनांत होतें. टंकलेखनांत अक्षरें उलटसुलट होऊन त्याचें 'ड्रॉप' झालें, आणि त्यावरूनच पुढें ड्रुपल हें नांव निघालें. २००१ च्या जानेवारींत हें सॉफ्टवेअर सर्वांस खुलें झालें. दुसरा प्रवाह फ्रान्समधून निघाला. मिशेल वाल्द्रिघी याचें 'बी-टू' नांवाचें ब्लॉग लिहिण्याचें सॉफ्टवेअर २००२ नंतर कर्त्याच्या देखरेखीवांचून पोरकें पडलें. परंतु तें जी. पी. एल. या मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध झालेलें असल्यामुळें कोणासही उचलून पुढें नेतां येण्याजोगें होतें. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील मॅट मुलेनवेग हा एकोणीस वर्षांचा तरुण आणि इंग्लंडमधील माइक लिटल हे दोघे पुढें आले, आणि २००३ च्या मे महिन्याच्या २७ तारखेस वर्डप्रेसची पहिली आवृत्ति बाहेर पडली. कर्ता दूर झाला तरी कृति जगते, हा मुक्त परवान्याचा गुण येथें प्रत्ययास आला.

तथापि कृति जगली तरी ती वापरणें सर्वांच्या आटोक्यांत आलें असें नाहीं. सॉफ्टवेअर फुकट असलें तरी त्यास सर्व्हर लागे, डेटाबेस लागे, फायली योग्य ठिकाणीं ठेवण्याचें ज्ञान लागे. एखाद्या शाळामास्तरानें हें सर्व एकदां साधलें तरी काम संपत नसे. दोष सांपडला कीं नवी आवृत्ति निघे. ती वेळेवर न चढविल्यास परकी मंडळी त्या फटींतून आंत शिरत. लेखनाची प्रत काढून सुरक्षित ठेवणें हें तर सर्वांत महत्त्वाचें, आणि सर्वांत अधिक विसरलें जाणारें काम.

यावर उपाय आयर्लंडमधील डॉनखा ओ कीव्ह या प्रोग्रामरनें काढला. सॉफ्टवेअरची एकच प्रत बसवावयाची आणि तिच्यावर शेंकडों ब्लॉग चालवावयाचे, ही त्याची कल्पना. प्रथम 'बी-टू'वर व नंतर वर्डप्रेसवर त्यानें ती उतरविली. तिची रचना चाळीसारखी होती. पाया, जिना आणि नळ सर्वांचा एकच. खोली मात्र ज्याची त्याची. प्रत्येक ब्लॉगचा मजकूर डेटाबेसांत क्रमांक दिलेल्या निराळ्या तक्त्यांत राही. सभासदांची यादी सामाईक असे. मालकानें एक दुरुस्ति केली कीं ती एकाच वेळीं सर्व खोल्यांत पोंचे. याच पायावर २००५ सालीं मुलेनवेग याच्या ऑटोमॅटिक या कंपनीनें वर्डप्रेस डॉट कॉम ही सेवा उघडली. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियांत जेम्स फार्मर यानें शिक्षकांसाठीं एज्युब्लॉग्ज सुरू केलें. २०१० च्या जूनमध्यें निघालेल्या वर्डप्रेसच्या तिसऱ्या आवृत्तींत ही बहुस्थळांची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येंच सामावली गेली. स्वयंसेवकांनीं वर्डप्रेसचें मराठी रूपही तयार केलें, आणि स्वतःचा सर्व्हर बाळगण्याची ऐपत किंवा हौस नसलेले कित्येक मराठी लेखक या चाळींत बिऱ्हाड करून राहिले.

परंतु पाया एक असला म्हणजे संकटही एकच असतें. २०१० च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस, सर्व्हर जेथें ठेवलेले होते तेथील एका मुख्य राउटरमध्यें अकल्पित फेरबदल झाला, आणि वर्डप्रेस डॉट कॉमवरील सुमारें १ कोटी २ लाख ब्लॉग जवळजवळ ११० मिनिटें बंद पडले. मजकूर नाहींसा झाला नाहीं. पण एका यंत्राच्या चुकीनें एवढ्या लोकांचा आवाज एकदम थांबूं शकतो, हें त्या दिवशीं दिसून आलें.

याहून सूक्ष्म प्रश्न हक्काचा होता. जी. पी. एल. हा परवाना सॉफ्टवेअरची प्रत देणाऱ्यावर बंधन घालतो: प्रत द्याल तर स्रोतही द्या. परंतु चाळीचा मालक भाडेकऱ्यास प्रत देतच नाहीं. तो केवळ वापर देतो. म्हणून त्यानें आंतल्या आंत केलेल्या सुधारणा उघड करण्याचें बंधन त्याच्यावर पडत नाहीं. ही पळवाट बुजविण्यासाठीं २००७ च्या नोव्हेंबरांत ॲफेरो परवान्याची नवी आवृत्ति काढण्यांत आली. पण ड्रुपल आणि वर्डप्रेस ही दोन्ही जुन्याच परवान्याखालीं राहिलीं. शिवाय चाळीचे नियमही असतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर आपल्या पसंतीचें प्लगिन बसविण्याची मुभा अनेक वर्षें नव्हती. २०१७ सालीं ती मिळाली, तीही वरच्या दराची योजना घेणाऱ्यांस. घर मुक्त सॉफ्टवेअरचें खरें, पण भिंतींत खिळा ठोकावयाचा तर मालकास विचारावें लागे.

ड्रुपलच्या बाजूस या प्रश्नाचें एक निराळें उत्तर शोधण्यांत आलें. बॉयटार्ट याच्या ॲक्विया या कंपनीनें २०१० सालीं ड्रुपल गार्डन्स ही सेवा सुरू केली. तींत भाडेकऱ्यास आपलें स्थळ उचलून बाहेर नेण्याची सोय होती. ती केवळ मजकुरापुरती नसून सॉफ्टवेअर, सजावट आणि डेटाबेस या सर्वांसहित होती. २०१६ सालीं ही सेवा बंद झाली, तेव्हां या अटीचें मोल कळलें. चाळ पाडली गेली. परंतु ज्यांस जावयाचें होतें त्यांस आपलें घर उचलून दुसऱ्या जागीं मांडतां आलें.

दरम्यान तिसरा प्रकार पुढें आला. २०१० सालीं निघालेल्या टेक्ससमधील डब्ल्यू. पी. इंजिन आणि सॅन फ्रान्सिस्कोमधील पँथिऑन या कंपन्यांनीं प्रत्येक गिऱ्हाइकास स्वतंत्र स्थळ देऊन त्याची निगा मात्र घाऊक रीतीनें राखण्याचा धंदा मांडला. रोजची सुरक्षित प्रत, वेळच्या वेळीं नवी आवृत्ति, बदल आधीं पारखून पाहण्यासाठीं निराळी जागा, अशी ही व्यवस्था होती.

पण यांतही एक धागा दुसऱ्याच्या हातांत राहिला होता. २०२४ च्या सप्टेंबरांत व्यापारचिन्हाचा वापर आणि मूळ प्रकल्पास द्यावयाचा हातभार यांवरून मुलेनवेग आणि डब्ल्यू. पी. इंजिन यांच्यांत उघड वाद झाला, आणि २५ तारखेस वर्डप्रेसच्या मध्यवर्ति भांडारांतून नवीं प्लगिनें घेण्याचा त्या कंपनीचा मार्ग बंद करण्यांत आला. झळ लागली ती भांडणाशीं कांहींही संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांस. प्रकरण कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत गेलें, आणि १० डिसेंबर रोजीं तात्पुरत्या मनाई-हुकुमानें तो मार्ग पुन्हां खुला करण्यांत आला. परवान्यानें स्रोत मुक्त केला होता; भांडाराचें दार मुक्त आहे असें मात्र त्यांत कोठेंही लिहिलेलें नव्हतें.

या साऱ्या हकीकतींतून चाळ वाईट असा निष्कर्ष निघत नाहीं. ती नसती तर कित्येक शिक्षक, लहान संस्था आणि हौशी लेखक मुकेच राहिले असते. परंतु बिऱ्हाड करणारा भाडें किती हें विचारतो, खोली हवेशीर आहे कीं नाहीं हें पाहतो. सामान घेऊन बाहेर पडण्याची वाट कोणती, हें बहुधा विचारीत नाहीं. ड्रुपल गार्डन्सचे रहिवासी बाहेर पडूं शकले, याचें श्रेय मुक्त परवान्यास जितकें, तितकेंच आधींच ठेवलेल्या त्या वाटेस आहे.