फोटोत लेन्सचं नाव आलं कुठून?

१८६४ साली लंडनच्या जॉन मरे प्रकाशनाने भारतातल्या लेण्यांवर एक पुस्तक काढलं. मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा आणि ७४ छायाचित्रं मेजर रॉबर्ट गिल यांची, अजिंठा आणि वेरूळ इथे काढलेली. त्या काळी फोटो कोणत्या लेन्सने काढला, हे छायाचित्रकाराने लिहून ठेवलं तरच पुढे उरे. फिल्मच्या जमान्यातही हे काम वहीकडेच होतं. आज वेरूळला काढलेला फोटो संगणकावर उघडला की लेन्सचं नाव आपोआप दिसतं. कॅमेऱ्यानेच लिहिलंय म्हणजे खरंच असणार, असं आपण धरून चालतो. पण ही नोंद जन्मली कशी हे पाहिलं, तर तिच्यावर किती विसंबावं हेही कळतं.

१९९५ मध्ये जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या 'जेइडा' या संघटनेने 'एक्झिफ' हे मानक जाहीर केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, प्रिंटर आणि संगणक यांना एकमेकांच्या फाइली कळाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. तारीख, शटर, अपर्चर, फोकल लेंथ यांना त्यात ठरलेल्या जागा मिळाल्या. लेन्सच्या नावाला मात्र मिळाली नाही. 'मेकरनोट' नावाचा एक कप्पा कंपन्यांसाठी मोकळा सोडला होता. त्यात काय आणि कसं लिहायचं हे ज्याने त्याने ठरवायचं. लेन्सची ओळख या कप्प्यात शिरली, तीही बहुतेकदा नाव म्हणून नव्हे, तर सांकेतिक क्रमांक म्हणून.

घोळ इथून सुरू झाला. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ माउंटमध्ये लेन्स आणि कॅमेरा विजेच्या संपर्कबिंदूंतून बोलतात. लेन्स आपला क्रमांक सांगते, कॅमेरा तो टिपून घेतो. सिग्मासारख्या कंपन्यांनी त्या माउंटच्या लेन्स बनवल्या, तेव्हा कॅननचेच क्रमांक वापरले. दुसऱ्याचं रेशनकार्ड दाखवून धान्य उचलावं, तसा हा प्रकार. म्हणून १० हा क्रमांक कॅननच्या ५० मिमी मॅक्रोचा आहे आणि सिग्माच्या २८, ५० व १०५ मिमीच्या लेन्सही तोच सांगतात. फिल हार्वी यांनी २००३ मध्ये आणलेली 'एक्झिफटूल' ही प्रणाली अशा वेळी फोकल लेंथ आणि कमाल अपर्चर ताडून पाहते. तरीही उलगडा झाला नाही, तर 'ही किंवा ती' असं सरळ छापते.

२०१० च्या २.३ आवृत्तीत एक्झिफने लेन्सची कंपनी, नाव आणि अनुक्रमांक यांना अधिकृत जागा दिली. कप्पा नवा झाला. पण त्यात जायची माहिती लेन्सकडूनच यायची होती.

आणि लेन्स मुकी असेल तर? अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे. अंधुक उजेडासाठी कुणी जुनी, मोठ्या अपर्चरची मॅन्युअल लेन्स अडॅप्टरवर चढवली, तर कॅमेऱ्याला तिची काहीच खबर नसते. चिप बसवलेले अडॅप्टर त्यांच्यात आधी भरलेली माहिती सांगतात, मग पुढे लेन्स कोणतीही असो. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत अशा लेन्सची माहिती हाताने भरता येते; लेन्स बदलली आणि मेनू बदलायचा राहिला, की फोटोत आधीचीच लेन्स नोंदली जाते. लायकाने २००६ च्या एम८ साठी लेन्सच्या कड्यावर सहा काळे-पांढरे ठिपके दिले. त्यांवरून लेन्स ओळखता आली, पण अपर्चरचा आकडा कॅमेरा अंदाजानेच लिहितो.

फोनच्या फोटोत '२६ मिमी' दिसतं, तेही बहुधा ३५ मिमी फिल्मच्या मापात बदललेलं असतं. या समतुल्य आकड्याची जागा मानकात २००२ मध्ये आली. फोनच्या लेन्सची खरी फोकल लेंथ जेमतेम काही मिलिमीटर असते.

या चुकीची झळ कधी लागते? कैलास लेण्याचं अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद. मागे सरकायला जागा कमी, म्हणून वाइड लेन्स लागते आणि तिच्यात कडेच्या रेषा वाकतात. त्या सरळ करणारी प्रणाली लेन्सचं नाव वाचून दुरुस्ती निवडते. नाव चुकलं, तर कैलासाचे स्तंभ किंवा बीबी का मकबऱ्याचे मिनार आणखीच वाकवून ठेवते. अनेक फोटोंतून वास्तूचं त्रिमितीय प्रारूप करताना सुरुवातीचा आधार म्हणून नोंदलेली फोकल लेंथ घेतली जाते. तिथे चुकीचा आकडा मापापर्यंत पोचू शकतो.

शटर आणि आयएसओ कॅमेरा स्वतः चालवतो, म्हणून त्या नोंदींवर विसंबायला हरकत नाही. लेन्सचं नाव ही त्याची ऐकीव माहिती आहे. जुनी लेन्स घेऊन लेण्यांत जाणार असाल, तर तिचं नाव वहीत लिहा आणि घरी आल्यावर एक्झिफटूलने फाइलीत दुरुस्त करून ठेवा.