सडाफटिंग कर

गेल्या दिवाळीत ऑन-कॉल ड्यूटी कोणाला लागली? मला. त्याच्या आदल्या दिवाळीत? तेही मलाच. टीम लीडचं म्हणणं अगदी सरळ होतं, "बाकीच्यांना फॅमिली आहे रे, तुझं काय, तू एकटाच." म्हणजे घरी आई-बाबा आहेत, आक्का आहे, पण ही मंडळी 'फॅमिली'त मोडत नाहीत. फॅमिली म्हणजे बायको. पुण्यात फ्लॅट शोधताना पण तेच. ब्रोकरचा पहिला प्रश्न भाडं किती परवडेल हा नसतोच, "फॅमिली का बॅचलर?" हा असतो. बॅचलर म्हटलं की पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग "सोसायटी चालवून घेत नाही हो..."

तर अशाच वैतागात एका शनिवारी बसलो आणि म्हटलं बघूया, लग्न न केल्याबद्दल लोकांना आजपर्यंत काय काय भोगावं लागलंय. बरंच सापडलं. मुसोलिनीने १९२७ पासून इटलीत अविवाहित पुरुषांवर चक्क वेगळा कर बसवला होता. त्याच्याही खूप आधी रोममध्ये ऑगस्टसने कायदा केला की ठराविक वयातल्या अविवाहितांना जवळच्या नात्याबाहेरच्या कोणाकडून वारसा मिळणार नाही. त्यातला इसवी सन ९ चा कायदा ज्या दोन कॉन्सलांच्या नावाने ओळखला जातो ते दोघेही स्वतः बिनलग्नाचे होते, असं एका रोमन इतिहासकाराने नोंदवून ठेवलंय. :) असो.

पण खरी मजा पुढे आली. असाच प्रकार आपल्याकडेही होता. स्वतंत्र भारतात, आणि तोही एका मराठी अर्थमंत्र्याने आणलेला.

चिंतामणराव देशमुख. म्हणजे महाडजवळच्या नात्यात जन्मलेले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं म्हणून महाराष्ट्राला जे जास्त आठवतात, तेच. त्याच्या एक वर्ष आधी, १९५५-५६ च्या बजेटमध्ये, त्यांनी प्राप्तिकराचा एक छोटासा बदल केला. तोपर्यंत उत्पन्नातले पहिले १,५०० रुपये सगळ्यांनाच करमुक्त होते. देशमुखांनी ह्या एका टप्प्याचे दोन केले. विवाहितांना २,००० रुपये, अविवाहितांना १,०००. एकाचे पाचशे वाढवले, दुसऱ्याचे पाचशे कमी केले. बॅलन्स शीट जुळली!

ह्यामागे विचार होता, आणि तो वाईट नव्हता हे कबूल करायला हवं. इंग्लंडमध्ये कुटुंब भत्ता सुरू झालेला होता, म्हणजे पोरांमागे सरकार पैसे देणार. आपल्या सरकारकडे तेवढे पैसे कुठले? मग निदान ज्याच्यावर खाणारी तोंडं जास्त त्याच्याकडून कर कमी घ्यावा, ही कल्पना. पुढच्या दोन-तीन वर्षांत हे आणखी बारीक झालं. लग्न झालेल्याला ३,००० रुपये करमुक्त, एक मूल असेल तर ३,३००, दोन असतील तर ३,६००. अविवाहित मात्र १,००० वरच. आजच्या भाषेत सांगायचं तर 'मॅरिटल स्टेटस' नावाचं एक व्हेरिएबल घेतलं आणि त्यावरून 'जबाबदारी' नावाचं दुसरं व्हेरिएबल काढलं. कोड लिहिणाऱ्या कोणालाही ह्यात बग कुठे आहे ते दिसेल. मला मात्र तो मी स्वतःहून दिसला नाही, हे सांगायला पाहिजे. मला दिसला तो फक्त माझा मुद्दा. बघा, आम्हा बिचाऱ्या बॅचलर्सवर किती जुना अन्याय!

त्याच आनंदात मी आक्काला हे वाचून दाखवलं. आक्का म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. वय ८९. लग्न केलं नाही, ३४ वर्षं नोकरी केली, आता आमच्याकडेच असते. ऐकायला कमी येतं म्हणून मी जरा ओरडूनच सांगितलं, "आक्का, अगं एकेकाळी लग्न न केलेल्यांना जास्त टॅक्स होता, माहितीये?"

"माहितीये की," ती म्हणाली. "भरलाय मी."

मी गप्पच.

मग तिने सांगितलं. १९६० च्या सुमारास तिचा पगार महिना तीनशेच्या आसपास होता, वर्षाचे ३,६०० धरा. वडील ती कॉलेजात असतानाच गेले. घरात आई आणि पाठचे तीन भाऊ, त्यातले मधले माझे आजोबा. तिघांच्या फिया, आईची औषधं, चाळीचं भाडं, सगळं त्या तीनशेत. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचा पगार जवळजवळ तेवढाच. त्यांना बायको आणि दोन मुलं. वरचे आकडे परत बघा, त्यांचे ३,६०० च्या ३,६०० करमुक्त. आणि आक्काचे १,०००. कारण आक्का 'एकटी'. आई आणि तीन भाऊ मिळून पाच जणांचं घर चालवणारी बाई सरकारच्या हिशेबात सडाफटिंग.

रक्कम तशी फार नव्हती, ती स्वतःच म्हणाली. पण मार्चचा पगार हातात आला की तिची आई दरवर्षी विचारायची, "ह्या महिन्यात कमी कसे गं?" आणि हे आईला समजावून सांगायचं कसं ते तिला कधी कळलं नाही.

मी विचारलं (विचारायला नको होतं कदाचित), "मग लग्न का नाही केलंस?" तर म्हणाली, "केलं असतं तर नोकरी गेली असती ना. आमच्या ऑफिसात तसा नियमच होता. बाईचं लग्न झालं की राजीनामा."

इथे माझा बॅचलर्सवरच्या अन्यायाचा निबंध संपला, आणि वेगळंच वाचन सुरू झालं. कारण हा नियम काही आक्काच्या एकट्या ऑफिसचा नव्हता. तो सरकारातच होता. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला. लग्न केलं तर राजीनामा देईन असं त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं. ॲना राजम १९५१ मध्ये आयएएसमध्ये आल्या, त्यांच्या नेमणुकीच्या कागदावरच होतं की लग्न केल्यास सेवा समाप्त. (त्यांनी पुढे लग्न केलं, नोकरीही टिकली. नवरा आर. एन. मल्होत्रा, जे नंतर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले.) परराष्ट्र सेवेत हे नियम १९६१ मध्ये पुन्हा कागदावर पक्के केले गेले. महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतोय असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. पुरुषाच्या लग्नाने कामात अडथळा येत नाही. उलट त्याला करात सवलत मिळते.

दोन्ही नियम शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाच काळातलं एकच सरकार एका बाईला सांगतंय की नोकरी हवी तर लग्न करू नकोस. आणि लग्न केलं नाहीस म्हणजे तुझ्यावर काही जबाबदारी नाही, तेव्हा कर जास्त भर. हे दोन नियम करणारी डिपार्टमेंट्स वेगळी, कोणी मुद्दाम केलेलं नाही, कोणी एकत्र टेस्टच केलं नाही. पण आक्का दोन्हींच्या मध्ये सापडली.

चिंतामणरावांना मी व्हिलन ठरवत नाहीये. त्यांच्या घरी १९५३ पासून दुर्गाबाई होत्या. आठव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या, मोठेपणी त्या लग्नातून बाहेर पडलेल्या, वकील झालेल्या, घटना समितीत बसलेल्या. लग्न हे बाईसाठी सवलत नसून कधी कधी अडचण असते, हे ज्या घरात पुरेपूर माहीत असणार, त्या घरातल्या माणसाच्या बजेटमध्ये सुद्धा रकाने दोनच उरले.

कोर्टात हे सगळं पोचायला वेळ लागला. पहिला मोठा निकाल मुंबईतलाच. एका औषध कंपनीत पॅकिंगला असलेल्या मुलींचं लग्न झालं की नोकरी आपोआप संपायची. कंपनीचं म्हणणं, लग्नानंतर गैरहजेरी वाढते. युनियन सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६५ मध्ये तो नियम रद्द झाला. मुलांमुळेच गैरहजेरी वाढते म्हणता, तर मग मुलं असलेल्या विधवांचं काय, असा साधा प्रश्न कोर्टाने केला. मुथम्मांचा निकाल १९७९ चा. तोवर सरकारने नियम बदलायची तयारी दाखवली होती, तरी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी फटकारायचं ते फटकारलंच. पण लगेच १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात त्याच कोर्टाने पहिल्या गरोदरपणात नोकरी घालवणारा नियम उडवला, आणि नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही हा मात्र चालेल म्हटलं. त्यासाठी दिलेल्या कारणांत कुटुंबनियोजन पण होतं. हसावं का रडावं...

पैशाचं हे असं. मताचं गणित मात्र उलटं निघालं. १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा गोष्टींवर ठरायचा. बायकांच्या नावावर मालमत्ता असायची कुठे? म्हणून पळवाट काढली गेली की ठराविक मालमत्ता असलेल्या पुरुषाच्या पत्नीला आणि विधवेलाही मत. ह्या कायद्याने साठ लाखांच्या वर स्त्रियांना मत मिळालं, आणि त्यात 'अमुकची बायको' म्हणून मिळालेल्या बऱ्याच होत्या. ह्या कल्पनेच्या बाजूने लढणाऱ्या ब्रिटिश खासदार एलिनॉर रॅथबोन, आणि विरोधात साक्ष देणाऱ्या आपल्या राजकुमारी अमृत कौर. गंमत म्हणजे दोघीही अविवाहित. रॅथबोनबाईंचं म्हणणं, निदान यादीत आकडा तरी वाढेल. अमृत कौर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांचं म्हणणं, नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून मत नको, माणूस म्हणून द्या. वाचताना मला अमृत कौर पटत होत्या आणि आकडे रॅथबोनबाईंच्या बाजूने होते.

(इंग्लंडात ह्याच्या बरोब्बर उलटं झालं होतं. तिथे १८६९ मध्ये घरपट्टी भरणाऱ्या बायकांना नगरपालिकेचं मत मिळालं, आणि १८७२ मध्ये कोर्टाने सांगितलं की हे फक्त बिनलग्नाच्या बायकांना, लग्न झालेल्यांना नाही. म्हणजे लग्न केलं की मत गेलं.)

स्वातंत्र्यानंतर सगळ्यांना मत मिळालं, नवऱ्याचा प्रश्न मिटला. कागदावर. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करायला माणसं दारोदार गेली तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ठाम राहिले की नाव नाही तर यादीत नाही. जवळपास आठ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख नावं अशी गळली, मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान ह्या पट्ट्यात. कठोर वाटतं, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यातल्या बहुतेक बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या होत्या. मला सेन पटतात. आक्का म्हणाली, "तुला काय जातंय पटायला. त्या पाच वर्षांत ज्या मेल्या त्यांचं काय?"

विवाहित-अविवाहित हा फरक आज प्राप्तिकरात नाही, नियम म्हणून बहुतेक नोकऱ्यांतही नाही. माझी दिवाळीची ऑन-कॉल हा काही अन्याय म्हणावा इतका मोठा प्रकार नाही, हे एव्हाना माझ्याही लक्षात आलंय.

पण ह्या सोमवारी ऑफिसचा मेडिकल इन्शुरन्सचा फॉर्म आला. 'अवलंबित' असा रकाना, त्याला ड्रॉप-डाऊन. पत्नी किंवा पती, मुलं, आई-वडील, सासू-सासरे. मी खालपर्यंत स्क्रोल करून दोनदा पाहिलं. ज्या बाईने माझ्या आजोबांची फी भरली तिला टाकायला त्यात जागा नाही. अजून न झालेल्या बायकोच्या आई-वडिलांना आहे.

आक्का शेजारीच बसली होती. म्हणाली, "काय शोधतोयस?"

"तुला," मी म्हटलं.

तिने चष्मा लावून यादी वाचली आणि म्हणाली, "सोड रे, माझं वय बघून तसंही कोणी देणार नाही." ते खरंच आहे. तरी एचआरला मेल टाकलाय. चार दिवस झाले, अजून उत्तर नाही.